पॉवर्ड स्पीकरच्या इनपुटमधला अधूनमधून येणारा दोष कसा शोधावा

पॉवर्ड स्पीकर, म्हणजे आतच अँप्लिफायर असलेला स्पीकर, पूर्ण बंद पडला तर त्याची दुरुस्ती तुलनेने सोपी असते, कारण दोष जागेवर टिकून राहतो आणि मोजता येतो. आवाज मध्येच जाऊन काही क्षणांनी परत येणे, पातळी एकाएकी खाली येणे, केबलला धक्का लागताच खरखर सुरू होणे, असे दोष मात्र तपासायला घेतले की नाहीसे होतात. स्पीकर उघडला, आतले दोन-चार कनेक्टर काढून पुन्हा बसवले, संशयास्पद वाटलेल्या जागी सोल्डर लावले आणि आवाज आला, की काम झाले असे वाटते; प्रत्यक्षात कोणता सांधा सुटत होता हे कळलेलेच नसते आणि पुढच्या कार्यक्रमात तोच दोष पुन्हा उभा राहतो. म्हणून खाली दिलेल्या पद्धतीचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. दोष आधी हुकमी आणता आला पाहिजे, म्हणजे अमुक केले की आवाज जातो आणि तमुक केले की येतो हे ठामपणे दाखवता आले पाहिजे. सोल्डरिंगची इस्त्री त्यानंतर तापवावी.

सिग्नलचा मार्ग

शोध घेण्यापूर्वी सिग्नल कोठून कोठे जातो हे डोळ्यांसमोर असावे. मागच्या पॅनेलवर बहुधा कॉम्बो जॅक असतो, ज्यात एक्सएलआर (तीन पिनांचा गोल) आणि पाव इंची असे दोन्ही प्लग बसतात. त्यामागे माइक आणि लाइन यांतून निवड करणारे बटण, इनपुटचा प्रीअँप (सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा) आणि लेव्हलचा पॉट (पातळी कमी-जास्त करणारी फिरती कळ) येतो. हे सारे एका लहान इनपुट बोर्डावर असते. तेथून रिबन केबल किंवा अनेक तारांचा कनेक्टर सिग्नलला डीएसपी (डिजिटल पद्धतीने सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या) बोर्डावर आणि पुढे पॉवर अँपकडे नेतो. याच रिबनमधून उलट दिशेने इनपुट बोर्डाला वीज मिळते, बहुतेक वेळा धन आणि ऋण १२ किंवा १५ व्होल्ट. म्हणजे रिबनमधला एक संपर्क सैल झाला तर सिग्नल तुटेलच असे नाही. प्रीअँपची एका बाजूची वीज जाऊन आवाज फाटेल किंवा धपकन आवाज होऊन शांतता पसरेल. लक्षण इनपुटचे आणि कारण विजेचे, असा घोळ येथेच होतो.

हा सगळा बोर्ड ज्या खोक्यात बसवलेला असतो त्याच खोक्यात वूफर तासन् तास हवा ढकलत असतो. त्यामुळे अधूनमधून येणाऱ्या दोषांत घटक जळण्यापेक्षा सांधे सुटण्याचे प्रमाण फार मोठे असते, आणि शोधाची सुरुवातही सांध्यांपासूनच करावी.

दोष स्पीकरचा नसण्याची शक्यता

स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याआधी काही शक्यता बाजूला काढाव्या लागतात. पहिली शक्यता आपोआप स्टँडबायमध्ये जाण्याची. बऱ्याच स्पीकरांमध्ये काही मिनिटे पुरेसा सिग्नल आला नाही तर अँप झोपी जातो आणि सिग्नल वाढला की जागा होतो. मिक्सरवरून पातळी फार खाली ठेवलेली असेल तर भाषणातल्या विरामांनंतर पहिले शब्द गळतात, आणि श्रोत्यांना ते इनपुट तुटल्यासारखेच वाटते. ही सोय मेनूत किंवा मागच्या बटणाने बंद करता येत असेल तर तपासणीपुरती तरी बंद करावी. मिक्सरमधला नॉइज गेटही (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) असाच फसवतो. वायरलेस माइकचा रेडिओ संपर्क तुटणे हा तिसरा प्रकार. रिसीव्हरवरचा सिग्नलचा दिवा आवाज जाताना विझत असेल तर स्पीकरला दोष देण्यात अर्थ नाही.

चौथा प्रकार अनुभवी माणसालाही चकवतो. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या स्टीरिओ सॉकेटमधून निघालेली केबल दुसऱ्या टोकाला तीन संपर्कांच्या टीआरएस प्लगने किंवा एक्सएलआरने थेट स्पीकरच्या बॅलन्स्ड इनपुटला (ज्यात सिग्नल हॉट आणि कोल्ड अशा दोन तारांवर येतो) जोडली, तर डावा चॅनेल हॉट वायरवर आणि उजवा कोल्ड वायरवर जातो. बॅलन्स्ड इनपुट या दोहोंतला फरक घेते. गायकाचा आवाज दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. वाद्यांचा डावा-उजवा फरक तेवढा पोकळ स्वरूपात ऐकू येतो. आता त्या केबलची कोल्ड वायर आत कोठे सैल असेल, तर ती तुटताच गायकाचा आवाज परत येतो आणि जुळताच नाहीसा होतो. येथे चांगला संपर्क आवाज घालवतो आणि तुटलेला संपर्क तो आणतो, त्यामुळे स्पीकर उघडून बसलेल्या माणसाला काहीही बोध होत नाही. यावर उपाय म्हणजे स्टीरिओ स्रोतासाठी दोन चॅनेल घेणारा डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड इनपुटला जुळवून देणारी पेटी) किंवा मिक्सर वापरणे, नाहीतर फक्त एकाच चॅनेलचा सिग्नल नेणारी केबल घेणे.

यानंतर केबल. केबल बदलून पाहिली असे सगळेच सांगतात, पण बदललेली केबल तरी चांगली होती याची खात्री क्वचितच केलेली असते. मल्टिमीटरच्या बीपवर विसंबताना लक्षात ठेवावे की बहुतेक मीटरांचा बीप सेकंदाच्या अंशाएवढ्या तुटीला दाद देत नाही. म्हणून मीटर जोडून दोन्ही टोकांजवळची केबल सावकाश वाकवावी, पीळ द्यावा, हलकेच ओढावी. तारा तुटतात त्या बहुधा कनेक्टरच्या आत किंवा तिथून काही सेंटिमीटर अंतरावर, जेथे केबल वारंवार मुडपते. एक्सएलआरमध्ये १ क्रमांकाची पिन शील्डची (तारांभोवतीच्या जाळीची), २ हॉटची आणि ३ कोल्डची असते; टीआरएसमध्ये टोक हॉट, कडे कोल्ड आणि दांडा शील्ड. तिन्ही जोड्या स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि कोणत्याही दोन तारांमध्ये शॉर्ट नाही हेही पाहावे.

केबलची कोणती तार तुटली यावर लक्षण अवलंबून असते, आणि ते ओळखता आले तर वेळ वाचतो. दोन्ही तारांवर सारखा सिग्नल देणाऱ्या मिक्सरची एक तार तुटली तर आवाज जात नाही. तो ६ डीबीने खाली येतो आणि बाहेरचे हमिंग आत शिरण्याची शक्यता वाढते. काही मिक्सर फक्त हॉटवर सिग्नल देतात आणि कोल्डला केवळ तेवढाच रोध (रेझिस्टर) जोडतात. तेथे कोल्ड तुटली तर पातळीत फारसा फरक जाणवत नाही, पण हॉट तुटली तर जवळजवळ शांतता होते. डायनॅमिक माइक किंवा ट्रान्सफॉर्मरचा डीआय थेट जोडलेला असताना एक तार तुटली, तर बेस नसलेला, पातळ, लांबून येतो तसा आवाज उरतो. शील्ड तुटल्यावर आवाज चालूच राहतो, फक्त हमिंग वाढते. म्हणून ‘मध्येच आवाज कमी होतो’ आणि ‘मध्येच आवाज बंद होतो’ या दोन तक्रारी वेगळ्या समजाव्यात. पहिलीत एक तार, म्हणजे एकच पिन किंवा एकच सोल्डरचा सांधा शोधायचा असतो. दुसरीत दोन्ही तारांना सामाईक असलेली जागा किंवा वीजपुरवठा, आणि मिक्सर फक्त हॉटवर सिग्नल देत असेल तर हॉटची तारही.

खोके न उघडता पुरावा

चाचणीसाठी गाणे लावू नये. गाण्यात स्वतःचेच चढउतार असतात आणि कान त्यांत गुंतून राहतो. मिक्सरमधून किंवा मोबाइलमधल्या टोन जनरेटरमधून एकसारखा स्वर, साधारण ४०० हर्ट्झच्या आसपासचा, मध्यम पातळीवर द्यावा. संपर्कातला क्षणिक बिघाडही अशा स्वरात टिचकीसारखा स्पष्ट ऐकू येतो. नंतर पिंक नॉइज (सर्व वारंवारता असलेली एकसारखी सळसळ) लावून पाहावा. त्यात पातळी किंवा रंग बदलला तर लगेच कळतो.

आवाज गेला की तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे पॅनेलवरचा सिग्नलचा दिवा. आवाज जाताना तोही विझला तर दोष दिव्याच्या सर्किटच्या आधी, म्हणजे केबल, जॅक, बटण किंवा प्रीअँप यांत आहे. दिवा लागलेलाच राहिला आणि आवाज गेला, तर इनपुटचा नाद सोडून रिबन, डीएसपी, अँपचे संरक्षण किंवा वूफरच्या तारा यांकडे वळावे. दुसरी गोष्ट स्पीकरची स्वतःची बारीक सळसळ, जी ट्विटरजवळ कान नेला की ऐकू येते. हे अर्थातच मिक्सरवरची पातळी पूर्ण खाली आणून मगच करावे, कारण आवाज अचानक परत आला तर कानाला इजा होईल. आवाज गेल्यावरही सळसळ पूर्वीसारखीच असेल तर अँप जिवंत आहे आणि तुटलेली जागा मागे आहे. सळसळही गेली असेल तर अँप म्यूट झालेला आहे किंवा त्याच्या पुढचा मार्ग तुटला आहे. तिसरी गोष्ट दुसरे इनपुट. स्पीकरला दोन चॅनेल किंवा ब्लूटूथ असेल तर दोषी चॅनेलवर स्वर चालू ठेवून दुसरीकडून हलके संगीत द्यावे. स्वर तुटतो आणि संगीत अखंड राहते, एवढ्यावरून पॉवर अँप, वूफर, मुख्य वीजपुरवठा आणि बहुधा डीएसपीही संशयातून मुक्त होतात.

माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा साक्षीदार म्हणजे लिंक किंवा थ्रू आउटपुट. अनेक स्पीकरांत ते इनपुट जॅकच्या पिनांना थेट समांतर जोडलेले असते, त्यात कोणतेही सर्किट नसते. त्याला दुसरा चांगला स्पीकर जोडावा. दोन्ही स्पीकर एकाच वेळी गप्प झाले तर दोष केबलमध्ये किंवा जॅकच्या संपर्कात आहे. दुसरा वाजत राहिला आणि पहिला गप्प झाला तर जॅकपर्यंत सिग्नल नीट येतो आहे आणि तूट त्यापुढे आहे. मात्र काही मॉडेलांत हे आउटपुट मिक्स केलेला सिग्नल देते किंवा त्याला स्वतःचा बफर (मधले सक्रिय सर्किट) असतो. तेथे ही कसोटी लागू पडत नाही. स्पीकरची वीज बंद केल्यावरही लिंकमधून सिग्नल जात असेल तर ते समांतर जोडलेले आहे असे समजण्यास हरकत नाही.

आता दोष हुकमी आणण्याचा प्रयत्न. स्वर चालू असताना प्लग वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे हलकेच दाबावा, नंतर केबल तिथेच सोडून पॅनेलवर जॅकच्या आजूबाजूला बोटाने टिचकी मारावी. कोणत्या दिशेला दाबल्यावर आवाज जातो हे कागदावर टिपून ठेवावे, कारण उघडल्यावर बोर्डाच्या कोणत्या कोपऱ्यातला सांधा ताणला जात होता ते त्यावरून सांगता येते. लेव्हलचा पॉट सावकाश दोन्ही टोकांपर्यंत फिरवावा. माइक-लाइनचे बटण अर्धवट दाबून धरावे. खोक्याच्या बाजूवर तळहाताने थाप मारावी. यांपैकी कशानेही काही होत नसेल तर ४० ते २०० हर्ट्झ असा सावकाश सरकणारा स्वर कमी पातळीवर द्यावा. एखाद्या ठरावीक वारंवारतेला बोर्ड किंवा कनेक्टर थरथरतो आणि तेथेच आवाज तुटू लागतो. ती वारंवारता लिहून ठेवली की दुरुस्तीनंतर त्याच आकड्यावर पुन्हा तपासता येते. अगदी खालच्या स्वरांना पातळी वाढवण्याचा मोह टाळावा, कारण वूफरच्या कोनाची हालचाल तेथे फार मोठी असते.

एवढे करूनही दोष दिसत नसेल तर तो तापमानाचा असण्याची शक्यता वाढते. त्याकडे पुढे येऊ.

उघडण्याआधी

हमीचा काळ शिल्लक असेल तर येथेच थांबावे आणि वर गोळा केलेली निरीक्षणे लिहून स्पीकरसोबत सेवाकेंद्राला द्यावीत. ‘आवाज जातो’ या तक्रारीवर तंत्रज्ञ फारसे काही करू शकत नाही. ‘पहिल्या चॅनेलचा प्लग खाली दाबला की जातो, लिंकवर मात्र राहतो’ या वाक्यावर तो थेट जागेवर पोहोचतो.

स्वतः उघडायचे असेल तर विजेचा धोका समजून घ्यावा. एसएमपीएसमध्ये (स्पीकरच्या आतल्या स्विचिंग वीजपुरवठ्यात) २३० व्होल्टचा एसी पुरवठा डीसीत बदलून मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असेल तर ४०० व्होल्टच्या आसपास. प्लग काढल्यावरही हा भार काही वेळ राहू शकतो, आणि तो कमी करणारा रोधच निकामी झाला असेल तर बराच वेळ राहतो. केबल काढावी, काही मिनिटे थांबावे, मीटर डीसीवर ठेवून कपॅसिटरवरचा व्होल्टेज मोजावा आणि तो काही व्होल्टपर्यंत खाली आल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून भार उतरवणे ही वाईट सवय आहे. त्यासाठी इन्सुलेट केलेल्या वायरींवर जोडलेला १० किलोओहम, १० वॅटचा रोध काही क्षण लावावा आणि पुन्हा मोजावे. काही एसएमपीएसमधले हीटसिंक मुख्य पुरवठ्याशी जोडलेले असतात, म्हणून चालू स्थितीत त्यांना स्पर्श करू नये. हमिंग घालवण्यासाठी अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोठे मिळाला तर तो कदापि मानू नये. ज्याला मुख्य पुरवठ्यावरच्या सर्किटची सवय नाही त्याने वीज चालू ठेवून मोजण्याचे काम जाणकारावर सोपवावे. खालची बरीचशी तपासणी वीज बंद ठेवूनही होते.

मागची प्लेट काढताना वूफर आणि ट्विटरच्या तारा ताणल्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि प्रत्येक कनेक्टर सुटा करण्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे. सुटा करण्याची घाई मात्र नको. कनेक्टर काढून परत बसवला की त्याचे संपर्क घासून स्वच्छ होतात, दोष तात्पुरता मिटतो आणि पुरावा नष्ट होतो.

जॅक आणि त्याचे सांधे

बहुतेक वेळा दोषी जागा येथेच सापडते. अनेक स्पीकरांत कॉम्बो जॅक थेट इनपुट बोर्डावर सोल्डर केलेला असतो. तो पॅनेललाही स्क्रूने पक्का बांधलेला असेल तर केबलचा भार पॅनेल झेलते. स्क्रू नसतील किंवा सैल झाले असतील तर प्लग घालताना आणि काढताना येणारा सगळा जोर सोल्डरच्या सांध्यांवर येतो. एक्सएलआरचा प्लग लांब असतो आणि त्याला जड केबल लोंबकळत असेल तर तो तरफेसारखा काम करतो. काही महिन्यांत पिनेभोवतीच्या सोल्डरमध्ये बारीक गोल चीर पडते. तिलाच कारागीर ड्राय सोल्डर म्हणतात, जरी नेमकेपणाने बोलायचे तर ड्राय सोल्डर जोडतानाच बिघडलेला असतो आणि हा सांधा नंतर थकून तुटलेला असतो.

चीर डोळ्यांना सहज दिसत नाही. तिरपा प्रकाश आणि भिंग घेऊन बोर्डाच्या मागच्या बाजूने प्रत्येक पिन पाहावी. पिनेभोवती गडद कडे दिसले, किंवा लाकडी काडीने पिन हलवल्यावर ती सोल्डरपासून वेगळी हलताना दिसली, तर शंका उरत नाही. वीज न लावता मोजायचे असल्यास एका केबलचे दुसरे टोक उघडे ठेवून ती दोषी जॅकमध्ये घालावी आणि उघड्या टोकाला २ व १ या तारांमध्ये, मग ३ व १ यांच्यामध्ये रोध मोजावा. कपॅसिटरमुळे आकडा सुरुवातीला सरकत राहील, म्हणून तो स्थिर होईपर्यंत थांबावे आणि चांगल्या चॅनेलवरच्या आकड्याशी तुलना करावी. जॅक हलवल्यावर आकडा एकदम उडाला किंवा मीटरने अनंत रोध दाखवला तर ती तार सापडली.

चीर गेलेल्या सांध्यावर वरून नुसते नवे सोल्डर थापणे हा अर्धवट उपाय आहे. जुने सोल्डर ऑक्सिडाइज झालेले असते, म्हणून ते विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) किंवा सकशन पंपाने काढून टाकावे, पिन आणि बोर्डावरचे तांब्याचे वर्तुळ स्वच्छ करावे, सोल्डर पसरायला मदत करणारा फ्लक्स लावावा आणि नवे सोल्डर द्यावे. शिसेयुक्त ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते, तर प्रचलित शिसेरहित मिश्रणाला सुमारे २१७ अंश लागतात. जुना सांधा शिसेरहित असेल तर इस्त्री त्या मानाने गरम हवी. फार वेळ इस्त्री टेकवून ठेवली तर तांब्याचे वर्तुळच बोर्डावरून सुटते आणि छोटी दुरुस्ती मोठी होते. वर्तुळ आधीच सुटलेले असेल तर पिनेपासून त्याच ट्रॅकवरच्या पुढच्या घटकापर्यंत बारीक इन्सुलेटेड तार टाकावी. एक सांधा तुटला म्हणजे शेजारचेही त्याच वाटेवर आहेत असे समजून जॅकच्या सर्व पिनांचे सोल्डर एकाच बैठकीत नवे करावे. यातच शहाणपण आहे.

सांधे ठीक असतील तर जॅकच्या आतल्या पट्ट्यांकडे लक्ष द्यावे. पाव इंची प्लगला धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या थकतात, एक्सएलआरचे मादी संपर्क रुंदावतात. एखादा प्लग घट्ट बसतो आणि दुसऱ्या कंपनीचा त्याच आकाराचा प्लग सैल लागतो, हे त्याचे चिन्ह. पट्टी वाकवून ताण आणता येतो, पण ती तग धरत नाही. जॅक बदलणे चांगले. नवा जॅक मागवताना मात्र जुन्यावरचा पूर्ण क्रमांक पाहावा. समोरून सारखे दिसणारे कॉम्बो जॅक मागच्या पिनांची मांडणी, आडवा किंवा उभा प्रकार आणि स्विचच्या पट्ट्या यांत भिन्न असतात, आणि न्यूट्रिकसारख्या एकाच उत्पादकाच्या मालिकेतही क्रमांकातल्या एका अक्षराने पिनांची जागा बदलते.

स्विचच्या पट्ट्यांबद्दल थोडे अधिक. काही जॅकमध्ये प्लग आत गेल्यावर उघडणारा संपर्क असतो, ज्यामुळे प्लग नसताना इनपुट शांत ठेवले जाते किंवा सिग्नल दुसरीकडून वळवला जातो. हा संपर्क काळवंडला किंवा अर्धवट उघडला तर प्लग नीट बसलेला असूनही आवाज येत-जात राहतो. प्लग दहा-वीस वेळा आत-बाहेर केल्यावर दोष काही दिवस गायब होत असेल तर संशय याच संपर्कावर घ्यावा.

बटण आणि पॉट

माइक-लाइनचे बटण दाबल्यावर गेन ३० ते ४० डीबीने बदलू शकतो. आतले संपर्क खराब झाले तर बटण आपोआप बदलल्यासारखी पातळी कोसळते किंवा उसळते. वीज बंद करून बटणाच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारावा आणि बटण वीस-तीस वेळा दाबावे. पॉटसाठी वंगण सोडणारा, पॉटला चालेल असे लिहिलेला क्लीनर घ्यावा. गंजलेले बोल्ट सोडवण्यासाठी जे तेल फवारतात ते येथे वापरू नये. ते धूळ धरते आणि काही काळाने खरखर वाढवते.

पॉट एकाच ठिकाणी खरखरत असेल तर तेथील कार्बनचा थर झिजला आहे; क्लीनरने थोडा आराम पडेल, बदलल्याने पूर्ण. पूर्ण फिरवताना सगळीकडे सारखीच खरखर येत असेल तर पॉटला दोष देण्याआधी त्याच्यावर डीसी येतो आहे का ते मोजावे. त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून सिग्नल पुढे नेणारा) गळका झाला असेल तर चांगला पॉटही खरखरतो, आणि पॉट बदलूनही काही उपयोग होत नाही. कपॅसिटर बदलण्याचा खर्च आणि वेळ पॉटपेक्षा कमी असतो.

रिबन केबल आणि वीज

जॅक आणि पॉट निर्दोष ठरले तर रिबनकडे यावे. आधी ती न काढता, वीज चालू आणि स्वर सुरू असताना, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने कनेक्टरला वेगवेगळ्या बाजूंनी हलकेच दाबावे. त्यावर आवाज बदलला तरच ती काढावी, दोन्ही बाजूंचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि बसवताना लॅच पूर्ण बंद झाल्याची खात्री करावी. कारखान्यात लावलेला गोंद काही जुन्या बोर्डांवर तपकिरी होऊन कडक झालेला दिसतो. असा गोंद वीजवाहक होऊ शकतो आणि घटकांचे पाय गंजवतो, म्हणून तो खरवडून काढावा. कनेक्टर पुन्हा थरथरू नये म्हणून नंतर हॉट ग्लूचा एक थेंब बाहेरून पुरेसा होतो. संपर्कांमध्ये गोंद शिरू देऊ नये.

प्रीअँपची वीज मोजताना आठ पायांच्या दुहेरी ऑपअँपवर (प्रीअँपमधली सिग्नल वाढवणारी चिप) ८ क्रमांकाच्या पायावर धन आणि ४ वर ऋण व्होल्टेज अपेक्षित असतो, तर १ आणि ७ हे आउटपुटचे पाय शून्याच्या जवळ असावेत. ५५३२, ४५५८, ४५८० आणि टीएल०७२ या प्रचलित चिपांची पायांची मांडणी हीच आहे. आवाज गेला त्या क्षणी एक व्होल्टेज नाहीसा झाला किंवा आउटपुट एका बाजूच्या व्होल्टेजला जाऊन चिकटले, तर शोध सिग्नलकडून विजेकडे वळवावा. दोन्ही व्होल्टेज स्थिर असतील तर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टोकाला लावलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अँपने एकेक टप्पा ऐकत पुढे सरकावे. ही तपासणी फक्त कमी व्होल्टेजच्या भागात करावी, आणि एसएमपीएसचा भाग इन्सुलेटिंग शीटने झाकून ठेवावा.

गरम झाल्यावर येणारा दोष

थंड असताना ठीक आणि अर्ध्या-पाऊण तासाने बिघडतो, असा दोष वरच्या कोणत्याही चाचणीत पकडता येत नाही. त्यासाठी संशयित भाग हेअर ड्रायरने मर्यादित तापवावा आणि दोष आला की एकेका घटकावर फ्रीझ स्प्रेचा छोटा फवारा मारून कोणत्या थंडाव्याने आवाज परत येतो ते पाहावे. मोठ्या व्होल्टेजमधून प्रीअँपसाठी १५ व्होल्ट काढणारे रोध आणि झेनर डायोड (व्होल्टेज ठरावीक ठेवणारे) ही ठरलेली जागा. तेथे बोर्ड तपकिरी झालेला असतो आणि वारंवार गरम-थंड होऊन सोल्डर तडकलेले असते. असे रोध नव्याने जोडताना बोर्डापासून काही मिलिमीटर उंच ठेवावेत. पंख्याची जाळी धुळीने भरली असेल तर ती आधी साफ करावी, कारण अँपचे उष्णतेपासूनचे संरक्षणही आवाज बंद करून काही वेळाने परत आणते. त्या वेळी बहुतेक मॉडेलांत संरक्षणाचा दिवा लागतो आणि दोन्ही चॅनेल एकदमच जातात. इनपुटच्या दोषात बहुधा एकच जातो.

दुरुस्तीनंतरची कसोटी

स्पीकरचे खोके बंद करण्याआधी, प्लेट नुसती टेकवून, ज्या कृतीने दोष येत होता तीच कृती पुन्हा करावी: त्याच दिशेला प्लग दाबणे, त्याच वारंवारतेचा स्वर, तीच थाप. आवाज तुटला नाही तरच स्क्रू आवळावेत. जॅकचे पॅनेलवरचे स्क्रू सर्वांत आधी घट्ट करावेत आणि बोर्डाचे नंतर, म्हणजे जॅक वाकड्या स्थितीत अडकून सांध्यांवर कायमचा ताण राहणार नाही. प्लेटभोवतीची रबराची पट्टी जागेवर बसली आहे का ते पाहावे. तेथून हवा गळली तर बेसच्या वेळी शिट्टीसारखा आवाज येतो आणि तो नवा दोष समजून पुन्हा उघडण्याची पाळी येते. त्यानंतर पिंक नॉइज मध्यम पातळीवर दोन-तीन तास चालू ठेवावा आणि लिंकला दुसरा स्पीकर जोडूनच ठेवावा. या काळात पहिला एकदा जरी तुटला आणि दुसरा वाजत राहिला, तर जॅकनंतरचा एखादा सांधा अजून शिल्लक आहे. शोध तेथून पुढे चालू ठेवावा.